नदीकाठच्या जमिनीसाठी संवर्धन कराराची सेवा: पाच वर्षांनंतरचा अनुभव

नदीकाठची आपली 14 हेक्टर जमीन हयातीत विकायची नाही आणि आपल्या पश्चातही तिचे तुकडे पडू द्यायचे नाहीत, असे मनाशी पक्के करून मी पाच वर्षांपूर्वी एका भूमी-न्यासाची, म्हणजे सगळे जिला लँड ट्रस्ट म्हणतात तशा संस्थेची, सेवा घेतली. संस्थेचे नाव मी मुद्दामच देत नाही. तिच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, पण काही तक्रारीही आहेत, आणि त्या तक्रारी या क्षेत्रातल्या अनेक संस्थांना लागू पडतील अशा असल्याने एकीलाच बोल लावणे मला योग्य वाटत नाही. करार झाल्याबरोबर लिहिले असते तर कौतुकाखेरीज काही लिहिता आले नसते. या सेवेची खरी परीक्षा सही झाल्यानंतर सुरू होते, म्हणून मी पाच वार्षिक पाहण्या होईपर्यंत थांबलो.

सेवा काय आहे ते आधी सांगतो. जमिनीची मालकी आपल्याकडेच राहते. राहणे, कसणे, वारसांना देणे, विकणे हे सगळे हक्क शाबूत राहतात. त्यातले काही ठरावीक हक्क, जसे की जमिनीचे तुकडे पाडून विकणे, काठावर बांधकाम करणे, वाळू आणि गोटे उपसणे, ओढ्याचा प्रवाह वळवणे, हे आपण कायमचे सोडून देतो आणि ते कोणी वापरत नाही ना हे बघण्याचा अधिकार संस्थेला देतो. या दस्ताला संवर्धन करार किंवा कन्झर्वेशन ईझमेंट म्हणतात. तो नोंदणीकृत असल्यामुळे जमिनीबरोबर चालतो. उद्या मालक बदलला तरी बंधने बदलत नाहीत. कल्पना जुनी आहे. चार्ल्स एलियट यांच्या पुढाकाराने मॅसॅच्युसेट्समध्ये 1891 साली जमिनी लोकांसाठी राखून ठेवणारी पहिली विश्वस्त संस्था उभी राहिली, आणि खासगी मालकाशी असा करार करण्याचा नमुना-कायदा अमेरिकेत 1981 साली तयार झाला. न्यूझीलंडमध्ये 1977, चिलीमध्ये 2016 आणि इंग्लंडमध्ये 2021 सालच्या कायद्याने अशीच वाट मोकळी झाली. आपली जमीन ज्या देशात आहे तिथल्या कायद्यात ही तरतूद आहे की नाही, हे सगळ्यांत आधी पाहावे लागते. ती नसेल तर संस्था कितीही चांगली असली तरी तिचा करार म्हणजे केवळ शब्द दिल्यासारखा होतो.

पहिल्या भेटीपासून नोंदणीपर्यंत 19 महिने लागले. ही पहिली तक्रार. मालकी हक्काचा शोध, जुन्या नकाशांचा मेळ, भूगर्भातील खनिजांचा हक्क कोणा तिसऱ्याकडे नाही ना याची खातरजमा, हे सगळे वेळखाऊ असते हे मान्य आहे. पण माझ्या जमिनीवर कर्जाचा बोजा होता, आणि कर्ज देणाऱ्याने आपला हक्क करारापेक्षा दुय्यम आहे असे लेखी दिल्याखेरीज पुढे जाता येत नाही, ही गोष्ट मला 11 व्या महिन्यात समजली. कर्ज थकले आणि जमीन लिलावात निघाली तर ज्याचा हक्क आधीचा त्याच्यापुढे करार टिकत नाही, म्हणून ही संमती अत्यावश्यक आहे. पण मग ती पहिल्याच बैठकीत सांगायला हवी होती. ज्यांच्या जमिनीवर बोजा आहे त्यांनी संस्थेच्या आठवणीवर विसंबू नये.

आता ज्या कामासाठी मी या संस्थेला पूर्ण गुण देईन, त्याकडे येतो. करारावर सही होण्यापूर्वी जमिनीच्या मूळ स्थितीचा एक अहवाल करतात, आणि पुढची प्रत्येक पाहणी त्याच्याशी ताडून पाहिली जाते. माझ्या जमिनीवर दोन जण सलग चार दिवस फिरले. त्यांनी 22 ठिकाणी लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकल्या, प्रत्येक खुंटीवर उभे राहून होकायंत्राने दिशा पाहून, ठरलेल्या उंचीवरून छायाचित्रे घेतली, आणि प्रत्येक छायाचित्रामागे तारीख, दिशा व दिसणाऱ्या गोष्टी लिहिल्या. नदीच्या बाहेरच्या वळणावर जिथे काठ भिंतीसारखा उभा तुटलेला आहे, तिथे त्यांच्यातली एक तरुण अभ्यासक पोटावर पालथी पडून कडेवरून खाली वाकली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग तिने मला बोलावले. मातीच्या त्या उभ्या भिंतीत, कडेपासून हातभर खाली, मुठीएवढे भोक होते. त्याच्या ओठाखालून पांढरा ओघळ उतरला होता आणि तोंडाशी माशांची बारीक हाडे पडली होती. ते खंड्याचे घरटे होते. त्या काठावरून मी आयुष्यभर ये-जा केली, खंड्या तर रोज पाहिला, पण तो राहतो कुठे हे मला ठाऊक नव्हते. अहवालात त्या भोकाला क्रमांक मिळाला, खोली लिहिली गेली आणि त्याच्या सरळ रेषेत, काठाच्या कडेपासून बरोबर 11 मीटर आत, सातव्या क्रमांकाची खुंटी ठोकली गेली.

ही सातवी खुंटी पुढे कराराच्या मसुद्यात फार कामाला आली. संस्थेच्या वकिलाने आणलेल्या पहिल्या मसुद्यात काठावरचा 30 मीटर रुंदीचा पट्टा राखीव धरला होता. रुंदीबद्दल वाद नव्हता. गाळ अडवायला याहून अरुंद पट्टाही बऱ्याच अंशी पुरतो, पण पाण्यावर सावली धरायची, पानगळीतून पाण्यातल्या किड्यांना अन्न मिळू द्यायचे आणि वरच्या शेतातून झिरपणारे नायट्रेट ओलसर मातीतल्या जिवाणूंकडून वाटेतच विघटित होऊ द्यायचे, तर 30 मीटरच्या आसपास जागा सोडावी असे या विषयातले जाणकार सांगतात. सावलीचे महत्त्व तर आकड्यांतच दिसते. गोड्या पाण्यात 10 अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो, 20 अंशांना तो 9.1 वर येतो आणि 30 अंशांना 7.6 वर. काठावरची झाडे गेली की पाणी तापते, आणि पाणी तापले की मासा गुदमरतो.

अडचण होती ती पट्टा मोजायचा कुठून, ही. मसुद्यात नकाशावरचे ठरावीक बिंदू जोडून रेषा आखली होती, आणि नदी काही नकाशातल्या रेषेवर थांबत नाही. बाहेरच्या वळणावर ती काठ खाते, आतल्या वळणावर वाळू टाकते, आणि दर मोठ्या पुरानंतर थोडी सरकते. नकाशातली रेषा तशीच राहिली असती तर जिथे धूप सर्वांत जास्त, तिथेच राखीव पट्टा वर्षागणिक अरुंद होत गेला असता आणि एक दिवस करार पाळूनही काठ उघडा पडला असता. मी हा मुद्दा काढला तेव्हा वकिलांना तो पटायला दोन बैठका लागल्या. अहवाल तयार करणारी अभ्यासक मात्र पहिल्याच वाक्याला माझ्या बाजूने उभी राहिली. शेवटी वाक्य असे ठरले की पट्टा हा काठाच्या त्या-त्या वेळच्या वरच्या कडेपासून मोजला जाईल आणि नदी सरकेल तसा तोही सरकेल. त्याबरोबर आणखी एक कलम आले: काठाला दगडांचे पिचिंग किंवा काँक्रीटची भिंत घालून नदीला जागच्या जागी बांधून ठेवायचे नाही, अपवाद फक्त घराच्या आणि रस्त्याच्या ठरलेल्या टापूचा. खंड्याला ताजा तुटलेला उभा काठ लागतो. काठ बांधून टाकला की भिंत शिल्लक राहते आणि घरटे जाते.

आज पाच वर्षांनी सातव्या खुंटीपासून काठाची कड 7 मीटरवर आहे. चार मीटर जमीन नदीने नेली, हे मालक म्हणून जिवाला लागते आणि ते मी लपवणार नाही. पण राखीव पट्टा तेवढाच आत सरकला आहे, जुने भोक कोसळून नदीत गेले आहे आणि त्याच वळणावर यंदा दोन नवी भोके आहेत.

दुसरे कलम सुरुवातीला मला जाचक वाटले होते. काठावरचे झाड उन्मळून पाण्यात पडले तर ते काढायचे नाही, असे ते कलम. आमच्याकडे नदी साफ ठेवणे म्हणजे पडलेले ओंडके ओढून काढणे, हीच समजूत पिढ्यान्‌पिढ्या होती. दुसऱ्या वर्षी एक मोठे झाड आडवे झाले आणि मी सवयीने दोर आणि माणसे जमवली. संस्थेच्या पाहणी-अधिकाऱ्याला फोनवर विचारले तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले, "तुम्ही एक पावसाळा थांबा, मग मी स्वतः येतो आणि आपण मिळून पाहू." पूर ओसरल्यावर त्या खोडाच्या खालच्या अंगाला पाण्याने कमरेइतका डोह खोदला होता, वरच्या अंगाला पालापाचोळा आणि बारीक वाळू साठली होती, आणि डोहाच्या सावलीत बोटभर लांबीची माशांची पिल्ले प्रवाहाकडे तोंड करून थव्याने उभी होती. त्या एकसुरी वाहणाऱ्या पात्रात पिल्लांना थांबायला जागाच नव्हती. ती त्या पडलेल्या झाडाने केली. मी ओंडका ओढून काढला असता तर करारभंग झाला असता तो वेगळाच. इथे मला संस्थेचे वागणे आवडले. त्यांनी नोटीस पाठवली नाही, कलम वाचून दाखवले नाही. वेळ दिला आणि पाण्यात उतरून दाखवले.

वार्षिक पाहणी हा या सेवेचा प्राण आहे, आणि माझी सर्वांत गंभीर तक्रारही तिच्याविषयीच आहे. अमेरिकेतल्या लँड ट्रस्ट अलायन्स या 1982 साली स्थापन झालेल्या शिखर संस्थेने घालून दिलेल्या मानकांनुसार करारातल्या प्रत्येक जमिनीची वर्षातून किमान एकदा पाहणी व्हावी लागते, आणि इतरत्रही चांगल्या संस्था असाच काही नेम पाळतात. आमची संस्थाही दर वर्षी येते. मात्र तिसऱ्या वर्षी जुने पाहणी-अधिकारी गेले, नवे आले आणि नदी दुथडी भरून वाहत असताना पाहणीला आले. त्या पाण्यात काठाची कड दिसत नाही, खुंट्या सापडत नाहीत, घरटी तर नाहीच नाही. तरीही अहवाल आला, आणि त्यात आदल्या वर्षीची वाक्ये जशीच्या तशी उतरवलेली होती. सातव्या खुंटीचे अंतरही तेच, जे त्यावेळेपर्यंत निश्चितच बदललेले होते. मला राग आला, त्याहून अधिक वाईट वाटले. असा अहवाल केवळ निरुपयोगी नसतो, तो घातक असतो. उद्या एखाद्या वारसाने किंवा खरेदीदाराने काठ फोडला आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर समोरचा वकील नेमका हाच कागद पुढे करून विचारील की तुमच्या नोंदींवर विश्वास तरी का ठेवायचा. मी लेखी हरकत घेतली. संस्थेने ती मान्य केली, पाणी उतरल्यावर पुन्हा माणूस पाठवला, अहवाल दुरुस्त केला आणि पाहणीचा महिना ठरवून दिला. चूक सुधारली याचे श्रेय देतो. पण मालकाने स्वतः मोजमाप ठेवले नसते तर ती चूक कोणाच्या लक्षात आली असती, हा प्रश्न माझ्यापुरता अजून मिटलेला नाही.

हा करार मालक बदलल्यावर टिकतो का, असे मला अनेकांनी विचारले आहे. न्यूझीलंडच्या क्वीन एलिझाबेथ द सेकंड नॅशनल ट्रस्टचे उदाहरण मला इथे आधार देते. त्या देशात शेतकऱ्यांच्याच पुढाकाराने ही व्यवस्था आली. 1979 साली गॉर्डन आणि सिलिया स्टीफन्सन या शेतकरी दांपत्याने आपल्या वायकाटो भागातल्या शेतातले रान पहिल्या करारात दिले, आणि आज असे करार पाच हजारांच्या वर आहेत. पुढे एका जमिनीच्या नव्या मालकाने करारालाच आव्हान दिले, तेव्हा 2018 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने करार कायम ठेवला. मात्र त्यासाठी संस्थेकडे न्यायालयात जाण्याइतकी ताकद असावी लागते. म्हणूनच बहुतेक संस्था करार करताना मालकाकडून किंवा देणगीदारांकडून देखभाल निधीसाठी रक्कम मागतात. मला आधी ते विचित्र वाटले होते, कारण हक्क सोडणारा मी आणि वर पैसेही मीच द्यायचे. आता वाटते की जी संस्था हा निधी मागत नाही, तिच्याबद्दलच अधिक चौकशी करावी. संस्थाच बंद पडली तर करार कोणाकडे जाईल, त्या दुसऱ्या संस्थेचे नाव दस्तातच घालून घ्यावे. आमच्या दस्तात ते आहे.

कर-सवलतीविषयी थोडक्यात. काही देशांत सोडलेल्या हक्कांच्या किमतीइतकी देणगी धरून सवलत मिळते आणि त्यात काहीही गैर नाही. पण अमेरिकेत गुंतवणूकदारांचे गट करून, जमिनीचे मूल्य अवाच्या सवा फुगवून ही सवलत लुबाडण्याचे प्रकार इतके वाढले की 2022 च्या अखेरीस तिथल्या संसदेला अशा व्यवहारांवर मर्यादा घालावी लागली. कोणी सल्लागार नदीविषयी एक शब्द न बोलता केवळ सवलतीविषयी बोलत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

या सेवेत काय मिळत नाही हेही स्पष्ट सांगायला हवे. करार मनाई करतो, काम करत नाही. आमच्या पट्ट्यात एक परकी वेल झाडांवर चढून त्यांना घुसमटवत होती. ती काढणे हे आमच्या करारानुसार कोणाचेच कर्तव्य नाही. ती मी काढली, आणि दर वर्षी पुन्हा काढावी लागते. संस्थेने माहितीपत्रक दिले, माणसे दिली नाहीत. इंग्लंडच्या नव्या कायद्यात करारामध्ये मनाईबरोबर कर्तव्येही घालता येतात, म्हणजे झाडे लावणे, पाणथळ राखणे अशी कामे पुढच्या मालकावरही बंधनकारक करता येतात. ज्यांना ही संधी आहे त्यांनी ती सोडू नये. नदीतल्या पाण्यावरही आमच्या कराराचा काही अधिकार चालत नाही. वरच्या अंगाला कोणी पंप लावून प्रवाह निम्म्यावर आणला, तर आमचा 30 मीटरचा पट्टा सुकलेल्या पात्राला सावली देत उभा राहील.

हा दोष संस्थेचा म्हणता येणार नाही, पण त्यावर संस्थेने काय केले हे मात्र विचारता येते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या ब्लॅकफूट नदीचा दाखला मी त्यांच्यापुढे ठेवला होता. तिथे 1976 साली पहिला खासगी करार झाला, मग शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना समजावले, 1993 पासून ब्लॅकफूट चॅलेंज या नावाने जमीनमालक, सरकारी खाती आणि संस्था एका टेबलाशी बसू लागल्या, आणि थंड, स्वच्छ पाण्यावाचून न जगणाऱ्या बुल ट्राउट माशासाठी सबंध खोऱ्याचा विचार होऊ लागला. एकेकटा करार म्हणजे फाटक्या चादरीला एक ठिगळ. ठिगळाला ठिगळ जोडत गेले तरच नदीला पांघरूण मिळते. आमची संस्था अजूनही जो मालक आपणहून दार ठोठावतो त्याच्याकडेच जाते. आमच्या 600 मीटर काठाच्या वर आणि खाली कोण आहे, त्यांच्याशी बोलणे सुरू आहे का, हे मी दर वर्षी विचारतो आणि दर वर्षी मनुष्यबळ कमी असल्याचे उत्तर मिळते. त्यांची अडचण खरी आहे. तरी पाच करार पाच नद्यांवर विखुरण्यापेक्षा एकाच नदीवर सलग पाच केले तर पाणमांजराला निजायला आणि हिंडायला अखंड काठ मिळेल, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

एवढे असूनही माझी शिफारस आहे, आणि ती मनापासून आहे. ज्याला जमीन राखायची आहे पण दान करून मोकळे व्हायचे नाही, ज्याची मुले या निर्णयात सामील आहेत आणि जो वर्षातून एक दिवस पाहणी-अधिकाऱ्याबरोबर चिखलातून चालायला तयार आहे, त्याने ही सेवा जरूर घ्यावी. ज्याला सही करून विसरून जायचे आहे, किंवा पुढेमागे भाव आला तर विकण्याचा विचार मनात आहे, त्याने घेऊ नये. यातून परत फिरण्याची वाट जवळजवळ नाही. सही करण्यापूर्वी संस्थेच्या जुन्या कराराचा कोणताही एक पाहणी-अहवाल, मालकाचे नाव झाकून का होईना, मागून वाचावा. त्यात छायाचित्रे आहेत का, मोजमापे बदललेली आहेत का, आणि मूळ स्थितीच्या अहवालाशी प्रत्येक नोंद ताडलेली आहे का, एवढे पाहिले तरी संस्थेची पारख होते.

यंदाची पाहणी पाणी उतरल्यावर, ठरल्या महिन्यात झाली. पाहणी-अधिकारी सगळ्या खुंट्यांवर उभे राहिले. दोन गाळाखाली गेल्या होत्या, त्या त्यांनी उकरून काढल्या. अहवालाच्या शेवटच्या पानावर एक नोंद आहे की खालच्या हद्दीशी शेजारच्या जमिनीतून उतरलेल्या गुरांच्या खुरांनी काठ सुमारे 9 मीटर लांबीत तुडवला गेला आहे. संस्थेने शेजाऱ्याला पत्र लिहिले असून कुंपणाच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी दाखवली आहे, आणि त्याच पत्रात त्याला स्वतःच्या काठाविषयी बोलायला बोलावले आहे. उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.